आधी कळवायला हवं होतं

माझ्या फोनमधला एक मेसेज मी अजून पुसलेला नाही. पुसून उपयोगही नाही; ज्याला पाठवला त्याने तो त्याच मिनिटाला वाचला होता, निळ्या खुणा अजून तिथे आहेत. तारीख ७ मे २०२५, वेळ रात्री ९ वाजून ४२ मिनिटं. वर त्याचा मेसेज: ‘सर नमस्कार. उद्याचं सिटिंग जमणार नाही. युनिटमधून फोन आला, सुट्टी रद्द झाली. आता रात्रीच निघतोय. तुमची तयारी वाया गेली, त्याबद्दल माफ करा.’ त्याखाली माझं उत्तर: ‘ओके. पण आधी कळवायला हवं होतं.’ आणि त्याखाली पुन्हा त्याचं, अर्ध्या मिनिटात आलेलं: ‘हो सर. चूक झाली.’

चूक झाली म्हणे.

मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. त्या दिवशी आमच्याकडे पहाटेपासून टीव्ही चालू होता. रात्री एक-दीडच्या सुमाराला ऑपरेशन सिंदूर झालं होतं आणि सकाळी दूधवाल्यालासुद्धा त्याची बित्तंबातमी होती. दुपारी देशभर मॉक ड्रिल होती म्हणून हिने घरात मेणबत्त्या किती आहेत ते बघून ठेवलं. मी सोफ्यावर बसून चहावर चहा ढकलत नकाशे पाहत होतो. चॅनेलवाल्यांनी त्या दिवसांत भोंगा इतका वाजवला, की शेवटी सरकारलाच त्यांना सांगावं लागलं, बाबांनो, तो आवाज तेवढा बंद करा, खरा भोंगा वाजला तर लोकांना कळायचा नाही. एवढं सगळं बघताना, आणि जेवताना त्यावर मतं देताना, रविवारी माझ्यासमोर खुर्चीत बसून गेलेला माणूस यातलाच आहे हे एकदाही मनात आलं नाही. आणि रात्री त्याचा मेसेज आला तेव्हा मनात पहिलं काय आलं असेल, तर काचेवर मळून ठेवलेला रंग.

रंगाचं सांगायला हवं, म्हणजे माझा चडफडाट कुठून आला ते कळेल. पोर्ट्रेटच्या दुसऱ्या सिटिंगला चेहऱ्याचे मुख्य टोन आदल्या संध्याकाळीच मळून ठेवायची माझी सवय आहे. यलो ऑकर, लाइट रेड, टायटॅनियम व्हाइट, सावलीला रॉ अंबर, त्यात हिरव्याचा कण. या माणसाचा रंग मिळवायला मला दोन तास लागले होते, कारण त्याच्या चेहऱ्यावर दोन माणसांची कातडी होती. भुवयांच्या वर दोन बोटांवर एक रेघ. रेघेखाली उन्हात रापलेला, जवळजवळ विटकरी तपकिरी रंग आणि रेघेवर, टोपीच्या आतला, आईच्या पोटातून आणलेला फिकट गहूवर्ण. शेतकऱ्याच्या कपाळावरही अशी रेघ असते, पण मुंडाशाची रेघ धूसर असते, रोज थोडी हलते. याची पट्टीने मारल्यासारखी होती. ती रेघ नुसती रेघ म्हणून काढली तर चेहरा रंगवलेल्या बाहुल्यासारखा दिसणार, आणि नाही काढली तर तो फौजी दिसणार नाही. त्यासाठी चार टोन मळून, वर प्लास्टिक ओढून काच झाकून ठेवली होती. गुरुवारचा सकाळचा क्लासही पुढे ढकलला होता. म्हणजे हिशेब केला तर माझं नुकसान झालं एक तळहातभर रंग आणि दोन तास.

त्याला मात्र मी ‘आधी कळवायला हवं होतं’ असं लिहिलं. कधी आधी? त्याला स्वतःला कधी कळलं होतं?

माझी खोली साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेत, वरच्या मजल्यावर आहे. खिडकी उत्तरेला. साताऱ्यात राहून अजिंक्यतारा न दिसणारी खोली मुद्दाम शोधून घेतली म्हणून मित्र अजून टर उडवतात, पण किल्ला दक्षिणेला आणि चित्रकाराला लागतो उत्तरेचा उजेड, त्याला माझा इलाज नाही. हा उजेड शांत असतो, दिवसभर फारसा हलत नाही. माझे वडीलही पेंटरच. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, गणपतीतले पडदे, आणि गेलेल्या माणसांचे मोठे फोटो. फोटो मोठा करून तेलरंगात फिनिश करून द्यायचा, हा त्यांचा हक्काचा धंदा. दहाव्याच्या आत पाहिजे, तेराव्याच्या आत पाहिजे, अशी घाई असायची. कोट नसलेल्याला कोट घालायचा, टक्कल असलं तर टोपी, आणि विधवेच्या जुन्या फोटोत तिला कुंकू लावायचं. माझा हात बसला तो याच कामावर. आजही माझ्याकडे येणाऱ्या दहा कामांतली आठ गेलेल्यांची असतात. कॅलेंडरवर ओळखपत्राचा फोटो चिकटवून लोक येतात, आणि म्हणतात, जरा हसरा करा.

त्यामुळे मार्च महिन्यात हा हवालदार जिना चढून आला आणि म्हणाला, ‘माझंच काढायचंय, बसून,’ तेव्हा मला क्षणभर नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं.

त्याचं गाव अपशिंग्यापासून फार लांब नाही. अपशिंगे मिलिटरी म्हटलं की साताऱ्याच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत, आणि त्यांचं स्मारक गावात आहे. याचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण माती तीच. पणजोबा मेसोपोटेमियाला, आजोबा दुसऱ्या लढाईत इटलीत, चुलते एकाहत्तरला. वडील शेतीला राहिले कारण एका घरातल्या सगळ्यांनीच जायचं नाही असं आजीने बजावलं होतं. घरी ओसरीच्या भिंतीवर तीन तसबिरी आहेत. पणजोबांची तर नुसती पदकं काचेत लावलेली, चेहरा नाहीच. आजोबांचा फोटो वडिलांनी... म्हणजे माझ्या वडिलांनी रंगवलेला, हे त्याने सांगितल्यावर मला कळलं. तिन्हींवर चंदनी भुश्शाचे हार. ‘आमच्यात भिंतीवर चढायचं तर आधी मरावं लागतं, सर,’ तो हसत म्हणाला. ‘मला जिवंतपणी चढायचंय.’

त्याच्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. ‘जित्या मानसाचा फोटू भिताडावर कशापायी?’ असं ती म्हणाली म्हणे, आणि नंतर दोन दिवस बोललीच नाही. तिने ओसरीवर लावून घेणार नाही असं सांगितल्यावर तडजोड झाली ती माजघरात लावायची, हार घालायला खिळाच मारायचा नाही, या बोलीवर. हे सगळं तो इतक्या सहज सांगत होता की मीही हसलो. नंतर रात्री मात्र तो न मारायचा खिळा डोक्यातून जाईना.

पहिलं सिटिंग ४ मेच्या रविवारी झालं. मे महिन्याच्या सुट्टीवर आला होता; भाताची रोपं टाकायच्या आत विहिरीचा गाळ काढायचा, पुतणीचं लग्न, आणि मधे मी. नऊची वेळ दिली होती, तो आठ पन्नासला खाली दारात उभा. वर्दी इस्त्री करून पिशवीतून आणलेली, इथे येऊन घातली. येष्टीत चुरगळली असती. माझ्याकडे बसणारी माणसं पहिल्या दहा मिनिटांत खचतात. खांदे उतरतात, मान डावीकडे जाते, नजर फोनकडे. हा खचेचना. खुर्चीत असा बसला की मागची टेकण कशाला आहे असं वाटावं. मुठी मांड्यांवर, हनुवटी जमिनीला समांतर. पंचवीस मिनिटं पापणीखेरीज काही हललं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, मग तर सोपंच झालं. सोपं कुठलं! असा माणूस पुतळ्याला बरा. पोर्ट्रेटला माणूस थोडा सांडलेला लागतो. मी शेवटी वैतागून म्हणालो, ‘अहो हवालदार, जरा विश्राम.’ तर तो चक्क उठला, पाय फाकवले, हात पाठीमागे बांधले आणि उभा राहिला. मग त्याच्याच लक्षात आलं. बेळगावला सेंटरात एवढं घोटून घेतलेलं, कानावर शब्द पडला की अंग आपलं आपण हलतं. दोघेही पोट धरून हसलो, आणि त्या हसण्यात त्याचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. उजव्या गालाला खळी पडते, ती तोवर दिसलीच नव्हती.

दोन तासांत कोळशाचं रेखाटन, वर पातळ अंबरचा पहिला थर, कपाळ, नाक, जबडा एवढं बसलं. डोळे मी शेवटी करतो. पहिल्या दिवशी नुसती खोबणी काढून, सावली भरून ठेवतो. खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर खडूने खुणा केल्या, पुढच्या वेळी खुर्ची तिथेच यावी म्हणून. त्याने त्या खुणा वाकून नीट बघितल्या. ‘आमच्यात मोर्टार बसवताना अशाच करतात,’ म्हणाला. जाताना वर्दीची घडी घालताना त्याचे हात बघत बसलो. आईने पोळीची करावी तशी घडी.

तीन दिवसांनी तो मेसेज.

चित्रकारांच्या या तक्रारीला तशी थोर परंपरा आहे, असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. १८८८ साली फ्रान्समधल्या आर्लमध्ये व्हॅन गॉगने मिलिए नावाच्या एका तरुण लेफ्टनंटचं पोर्ट्रेट केलं. फ्रेंच सैन्याच्या झुआव्ह पलटणीतला अधिकारी, टोन्किनच्या, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामच्या मोहिमेवरून पदक घेऊन आलेला, व्हॅन गॉगकडे रेखाटन शिकायला यायचा. त्याला पलटणीबरोबर आफ्रिकेला जायचं होतं आणि व्हॅन गॉगला त्याआधी चित्र पुरं करायचं होतं. तर हा पठ्ठ्या नीट बसेचना. व्हॅन गॉगने भावाला पत्रातून गाऱ्हाणं केलंय, की पोझ वाईट देतो, आणि वेळही फार देत नाही, कारण आर्लमधल्या बायकांचे निरोप घेण्यातच त्याचा वेळ जातो. तरी चित्र झालं. लाल टोपी, मागे पाचूसारखा हिरवा आणि वरच्या कोपऱ्यात पलटणीच्या निशाणातला चांद आणि तारा. ते आता हॉलंडमध्ये क्रोलर-म्यूलर संग्रहालयात आहे. मी फक्त छापलेलं पाहिलंय, पण त्या हिरव्याची माझ्यावर वीस वर्षं मोहिनी आहे. मिलिए नोव्हेंबरात गेला. म्हणजे बघा, त्याला निघायची तारीख महिनाभर आधी ठाऊक होती, निरोप घेऊन उरलेल्या वेळात का होईना, तो बसला. माझ्या हवालदाराला संध्याकाळी सहाला फोन आला आणि रात्री दहाला तो पुण्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये होता. त्या चार तासांत त्याने ट्रंक भरली, आईचा रुसवा काढला, विहिरीच्या मजुरांचे पैसे भावाकडे दिले, आणि साताऱ्यातल्या एका पेंटरची माफी मागितली.

हे सगळं मला नंतर त्याच्या वडिलांकडून कळलं. तेव्हा वाईट वाटलं, म्हणजे काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. लाज होती, पण थोडी चीडही होती: एवढ्या धांदलीत माझी आठवण ठेवायला कुणी सांगितलं होतं? नसता आला मेसेज तर मी गुरुवारी साडेनऊपर्यंत वाट बघितली असती, मग स्वतःच ओळखलं असतं, आणि आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. त्याच्या रीतभातीने मला उघडं पाडलं.

चित्रकारांनी घरची माणसं बसवावीत हेच खरं. घरचे कुठे जात नाहीत. हळदणकरांचं ते निरांजन हातात धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला आहे, ज्याला अजूनही अर्धं जग राजा रविवर्म्याचं समजतं, त्यात उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. बोटांतून झिरपणारा तो लाल उजेड मिळेपर्यंत ती दिवा धरून उभी राहिली. वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार मिळाला तो पत्नीच्या चित्राला. मी हिला बसवलं की ती भाजी निवडायला घेते, पण ते असो. घरच्या माणसाचा वेळ आपल्या हातात असतो. ज्याचा वेळ त्याच्या स्वतःच्याच हातात नाही, त्याला नऊची वेळ देणारा मी कोण?

युद्धविरामाची बातमी १० तारखेला आली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी त्याचा पुन्हा मेसेज. खुशाली दोन शब्दांत, कुठे आहे त्याचा उल्लेख नाही. मीही विचारलं नाही, विचारायचं नसतं. सोबत एक फोटो. निळसर पार्श्वभूमी, समोर बघणारा, ओठ मिटलेले, ओळखपत्राला काढतात तसा. ‘सर, यावरून होईल का? परत कधी सुट्टी मिळेल सांगता येत नाही. तुमचं काम अडकून राहायला नको.’

मी तो फोटो मोठा करून बघितला. स्वच्छ फोटो, धंद्याच्या दृष्टीने उत्तम. आठ दिवसांत चित्र करून दिलं असतं. हात मात्र पुढे होईना.

याचं कारण १९९९ साली आहे. त्या कारगिलच्या पावसाळ्यात वडिलांच्या दुकानात असाच एक फोटो आला होता, पासपोर्टचा, काळापांढरा, कोपऱ्यावर शिक्क्याची अर्धी गोलाई. शाळेच्या सभागृहात लावायला मोठं तैलचित्र पाहिजे होतं, पंधरा ऑगस्टच्या आत. वडिलांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, म्हणून मी केलं. फोटोबरहुकूम केलं, इतकं की शिक्क्याची रेघ कुठे संपते तेही कळावं. बघायला मुलाची आई आली. दुकानाच्या पायरीवर चपला काढून आत आली, जणू देवळात. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘हसला की त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा.’ फोटोत तो हसत नव्हता. मी डावा डोळा किंचित बारीक केला. ती चार दिवसांनी परत आली. म्हणाली, असा नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा माझा चेहरा बघून असेल, किंवा तारीख जवळ आली म्हणून असेल, ती म्हणाली, ‘असू दे.’

त्या ‘असू दे’ आणि या ‘चूक झाली’ यांचा आवाज मला एकाच घरातून आल्यासारखा वाटतो. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपणच खाली बघायचं.

फोटोवरून मी गेलेल्यांना रंगवतो. ती माझी पोटापाण्याची विद्या आहे आणि तिची मला लाज नाही. पण हा माणूस जिवंतपणी भिंतीवर चढायचं म्हणून आला होता. त्याचा फोटो ईझलच्या कडेला चिमट्याने लावायचा, बाकीच्यांचा लावतो तसा, आणि खालून वर बघत बघत डोळे भरायचे... मला ते अभद्र वाटलं. मी चित्रकलेत अंधश्रद्धा मानत नाही, विद्यार्थ्यांना यावरून झापतोही. तरी वाटलं. म्हणून सरळ थाप मारली. लिहिलं, की पावसाळा तोंडावर आलाय, हवेत ओल असली की तेलरंग वाळत नाही, कॅनव्हासला बुरशी धरते, घाई नको, तुम्ही आल्यावर बघू. यातली बुरशी खरी होती. साताऱ्याच्या पावसात माझ्या खोलीत चामड्याच्या चपलेलासुद्धा दाढी फुटते. ‘बरं सर,’ एवढंच उत्तर आलं. माफी मागायची ती संधी होती. मी बुरशीबद्दल पाच ओळी लिहिल्या आणि माफीची एक नाही.

कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला नाही. तसा नियम आहे माझा, अर्धवट चित्र डोळ्यांसमोर ठेवायचं नाही, त्यातल्या चुका दिसेनाशा होतात. हे ठेवलं. पावसाळाभर तो बिनडोळ्यांचा चेहरा खोलीत होता. क्लासची पोरं त्याला ‘फौजी काका’ म्हणायला लागली. फरशी पुसणाऱ्या मावशींना खडूच्या खुणा पुसू नका म्हणून सांगितलं होतं. त्या चार खुणांभोवती फडकं फिरवताना दर वेळी पुटपुटायच्या. श्रावणात एकदा मी गावाला गेलो तेव्हा त्यांनी सगळी फरशी घसाघसा धुतली, आणि मग स्वतःच घाबरून, ओल्या चौकोनांच्या अंदाजाने, माझ्याच खडूने नव्या खुणा काढून ठेवल्या. अर्ध्या बोटाने चुकल्या असतील. मी काही बोललो नाही.

भाद्रपदात त्याचे वडील आले. हातात घेवड्याची पिशवी. कोरेगावच्या पाहुण्यांकडचा वाघ्या घेवडा. चित्र न्यायला नाही, नुसते बघायला. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. उघडी कपाळाची रेघ, जबडा, नाक, आणि डोळ्यांच्या जागी दोन करड्या खोबण्या. मला वाटलं, हा बाप आता काहीतरी बोलणार आणि ते मला ऐकवणार नाही. त्यांनी घसा खाकरला.

‘डोळं न्हाईत व्हय अजून?’

‘ते आले की करणार.’

‘बरं हाय. देवाचं बी डोळं शेवटीच करत्यात.’

गणपती तोंडावर आले होते. खाली चौकात कारखानदारांच्या मांडवात मूर्तींची आखणी चालू होती. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, तो हात धुऊन बसतो आणि त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही. लहानपणी ते बघायला आम्ही रांगेने उभे राहायचो. म्हाताऱ्याने माझी थाप एका वाक्यात खरी करून टाकली. चहा घेतला, फुंकून फुंकून. उठताना म्हणाले, ‘त्येच्या आयला आता वाटतंय, लवकर व्हावं. रोज इचारती.’ आणि ती खिळ्याची बोली? मी विचारलं. ‘ती न्हाई मोडायची,’ म्हणाले.

तो आला नोव्हेंबरात. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडायला लागले होते. दहा दिवसांची सीएल, त्यातले तीन प्रवासात. मला वाटलं होतं फोन येईल, वेळ ठरेल, मी रंग मळून ठेवीन. तो संध्याकाळी सव्वापाचला न सांगता जिन्यावर उभा. साधा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. खिडकीतला उजेड तोवर निळा पडला होता आणि ट्यूबलाइटवर मी काम करत नाही. ‘आज जमायचं नाही हो,’ हे म्हणताना माझीच जीभ चाचरली. ‘माहीत आहे, सर. नुसता भेटायला आलो.’ पण खुर्ची त्याने स्वतःच उचलली, कोपऱ्यातून आणली, वाकून खडूच्या खुणांवर चारही पाय बसवले आणि बसला. मावशींच्या खुणांवर.

बारीक झाला होता. कपाळावरची रेघ वर सरकली होती, भुवयांपासून आता तीन बोटं. म्हणजे डोक्यावर आता काहीतरी दुसरं असतं, किंवा वेगळं बसतं. जबड्याखाली एक नवी वळी होती, ती उजेडात बघायला हवी. मी हे सगळं कामाच्या नजरेने टिपत होतो, कारण दुसरं काही बघायचं टाळत होतो. सहा महिने जे वाक्य घोळवत होतो ते काढलं. म्हटलं, ‘त्या रात्री मी तुम्हाला जे लिहिलं ना...’

‘कुठलं, सर?’

खरंच आठवत नव्हतं, की मला सोडवत होता? चेहऱ्यावरून कळेना. ही माझी विद्या, चेहऱ्यावरून कळणं. मी म्हटलं, काही नाही, चहा सांगतो, आणि आत गेलो. आलं किसून घाल म्हणून हिला सांगितलं, दोन मिनिटं तिथेच ओट्याशी उभा राहिलो.

परत आलो तर तो झोपला होता. खुर्चीच्या टेकणीला आयुष्यात पहिल्यांदा पाठ लागलेली, मान डावीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, मुठी सुटून तळवे वर. माणूस सांडलेला. मे महिन्यात जे मिळवायला मी जीव टाकत होतो ते सगळं समोर. वही हाताशी होती, पेन्सिलीला टोक होतं. पाच मिनिटांत झकास रेखाटन झालं असतं. पण डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांचा चेहरा मी किती वेळा काढलाय, कुणाच्या सांगण्यावरून काढलाय, ते आठवलं आणि वही खाली ठेवली. मानेजवळची शीर हलत होती, तिच्याकडे बघत बसलो. चहा आला, त्यावर साय धरली. खाली एका ट्रॉलीचं चाक खड्ड्यात आदळलं, मोठा आवाज झाला, आणि तो ताठ उठून बसला, दोन्ही पाय जमिनीवर, नजर दाराकडे. एक क्षण तो खोलीत नव्हता. मग मला बघितलं.

‘सॉरी सर,’ म्हणाला. ‘डोळा लागला.’

‘झोपा हो,’ मी म्हटलं. चहा पुन्हा गरम करून आणला. त्याने पेढ्याचा पुडा सोडला, एक मला दिला, एक स्वतः घेतला आणि डोळे नसलेल्या स्वतःसमोर उभा राहून खाल्ला. उद्या किती वाजता, मी विचारलं. उजेड आता कलला होता, थंडीत नऊऐवजी दहा बरे.

‘दहाला येतो, सर.’ तो चपला घालत होता. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबला, मागे वळून बघितलं, आणि खळी पडली. ‘नाही जमलं तर आधी कळवतो.’